नॅसकारची पहिली रेस: स्टँडमध्ये बसायचं असो की गेटवर उभं राहायचं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मेमोरियल डेच्या (शहीद सैनिकांच्या स्मरणाची, मेच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी) आदल्या रविवारी आम्ही शेजारच्या कॉन्कॉर्डच्या, म्हणजे रेसच्या ट्रॅकच्या बाजूला फिरकायचोच नाही. 'त्या दिवशी तिकडे रेसची गर्दी असते' एवढंच ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाला ऐन वेळी जाता येईना, त्याने दोन तिकिटं आम्हाला दिली. हिरवा झेंडा पडला, चाळीस-एक गाड्या एकगठ्ठा समोरून गेल्या आणि तो आवाज कानाआधी छातीत जाणवला. तेव्हापासून मी दर मे महिन्यात तिथे असते. कधी तिकीट काढून, कधी गळ्यात ओळखपत्र अडकवून गेटवर तिकिटं स्कॅन करत.

अलीकडे मंडळाच्या कार्यक्रमांत बरेच जण विचारतात, की आम्हालाही जायचंय, कसं करायचं? काही जणींना तिथे हंगामी काम करायचं असतं. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून काढलं आहे.

आधी रेस निवडा

नॅसकार ही अमेरिकेत मोटारींच्या शर्यती भरवणारी संस्था. तिच्या सर्वांत वरच्या, म्हणजे कप मालिकेच्या गुण मिळणाऱ्या ३६ रेस फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालतात. सगळ्या सारख्या नसतात. डेटोना आणि टॅलाडेगा हे अडीच मैल आणि त्याहून मोठे अवाढव्य ट्रॅक. तिथे गाड्या एकमेकींच्या पाठीला चिकटून पळतात, पण त्या वळून परत समोर येईपर्यंत पाऊण मिनिटाच्या वर जातं. ब्रिस्टल आणि मार्टिन्सव्हिल जेमतेम अर्ध्या मैलाचे. ब्रिस्टलला एक फेरी साधारण सोळा सेकंदांत होते आणि सगळं एका वाडग्यात बसून बघितल्यासारखं दिसतं. शार्लटचा ट्रॅक दीड मैलाचा, वळणांवर २४ अंशांचा उतार आणि अर्ध्या मिनिटाला एक फेरी.

नव्या माणसाला मी शार्लटची मेमधली कोका-कोला ६०० सुचवते. ही वर्षातली सर्वांत लांब रेस आहे: ४०० फेऱ्या, ६०० मैल, म्हणजे सुमारे ९६५ किलोमीटर. ती संध्याकाळी उन्हात सुरू होते आणि रात्री दिव्यांखाली संपते. डांबर थंड होत जातं तशी गाडीची पकडही बदलते, म्हणून सुरुवातीला पुढे असलेला शेवटी पुढे असेलच असं नाही. शिवाय दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, त्यामुळे मध्यरात्री घरी पोचलात तरी सकाळी लॉगिनची घाई नाही.

एवढा वेळ बसवेल का अशी शंका असेल किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर आधी शनिवारची दुसऱ्या फळीची रेस बघा. ती लवकर संपते, तिकीट स्वस्त असतं आणि बऱ्याच ट्रॅकवर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या दिवशी फुकट सोडतात.

तिकीट: वर बसा

आपण नाटकाची तिकिटं काढतो तेव्हा पुढची रांग शोधतो. इथे ती सवय सोडा. खालच्या रांगांतून फक्त समोरचा सरळ पट्टा दिसतो, तोही जाळीच्या कुंपणातून, आणि गाडी डोळ्यांपुढून एका क्षणात निघून जाते. शिवाय टायरचं झिजलेलं रबर बारीक तुकड्यांत उडत येतं. ते केसांत, बाटलीत, डब्यात सगळीकडे पडतं. स्टँडच्या वरच्या तिसऱ्या भागात बसलात तर चारही वळणं दिसतात, पिटमधली, म्हणजे गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात तिथली, धावपळ दिसते आणि मागच्या सरळ पट्ट्यावर कोण कोणाला गाठतोय तेही कळतं. पहिल्यांदा जाताना ट्रॅकच्या नकाशात पिट रोड कुठे आहे ते बघा आणि त्याच्या समोरची उंचावरची जागा घ्या. आजीआजोबा बरोबर असतील तर मात्र किती पायऱ्या चढाव्या लागतील ते आधी विचारा, काही स्टँडना लिफ्ट असते.

रेसच्या आधी पिटमध्ये फिरू देणारे पासही वेगळे मिळतात. मला विचाराल तर पहिल्या खेपेला हे पैसे जरूर खर्च करा. टीव्हीवर खेळण्यासारखी दिसणारी गाडी जवळून केवढी दांडगी असते, आणि चाकाला आता एकच मोठा नट असतो, हे तिथे उभं राहून बघायची मजा वेगळी. २०२२ साली नवी गाडी आली तोवर चाकाला पाच नट असत. पायात बंद बूट असू द्या, चपलांवर अडवतात.

कान

ही गोष्ट मी गेटवर उभी असताना रोज बघते. आईबाबांनी बाळाला टोपी घातलेली असते, क्रीम लावलेलं असतं आणि कान उघडे. कप रेसच्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही. हा आवाज तीन-चार तास सतत असतो आणि त्याने झालेली कानांची इजा भरून येत नाही. लहान मुलांना मापाचे इअरमफ घ्या आणि आठवडाभर आधीपासून घरात घालायची सवय लावा, म्हणजे तिथे ते भिरकावून देणार नाहीत.

मोठ्यांना फोमचे बोळे चालतात, पण ते नीट घालता आले पाहिजेत. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा काही उपयोगाचा नाही.

याहून चांगलं म्हणजे स्कॅनर. हा छोटा रेडिओ हेडफोनसकट ट्रॅकवर भाड्याने मिळतो. त्यावर ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (संघाचा प्रमुख) आणि स्टँडच्या माथ्यावर उभा असलेला स्पॉटर यांचं बोलणं थेट ऐकू येतं. ड्रायव्हरला सीटच्या आधारांमुळे बाजूला नीट बघता येत नाही, म्हणून हा स्पॉटरच त्याचे डोळे असतो. 'आत एक आहे, अजून आहे, मोकळं' असं तो रेसभर सांगत राहतो. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा खेळच बदलला. नुसत्या गोल फिरणाऱ्या गाड्या राहिल्या नाहीत. एक थकलेला माणूस गाडी वळणात मागून सुटतेय म्हणून तक्रार करतोय आणि दुसरा त्याला धीर देतोय, असं ते नाट्य आहे.

डबा

अमेरिकेतल्या बाकी बऱ्याच मोठ्या खेळांना घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. नॅसकारच्या बहुतेक ट्रॅकवर प्रत्येकी एक मऊ कूलर बॅग आत नेता येते. माप साधारण १४ इंच लांब, रुंद, उंच. ही मोठी सोय आहे, विशेषतः शाकाहारी माणसाला, कारण आतल्या टपऱ्यांवर हॉट डॉग, बार्बेक्यू आणि तळलेले बटाटे यापलीकडे फार काही हाताला लागत नाही. निघण्यापूर्वी त्या ट्रॅकच्या संकेतस्थळावर बॅगेचे नियम वाचा. कडक प्लास्टिकचा कूलर, छत्री आणि काच हे तीन सामान्यतः परत पाठवतात. लोणच्याची काचेची बरणी गेटवर सोडून जाणारी माणसं मी पाहिली आहेत, जीव हळहळतो. लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा.

आमच्या बॅगेत दशम्या, थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी आणि कापलेलं कलिंगड असतं. चमचा लागेल असं काहीच नेऊ नका, मांडीवर डबा ठेवायला जागा नसते. मेच्या शेवटी इथे ऊन कडक असतं, तेव्हा पाणी भरपूर आणि बरोबर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. रात्री वारा सुटतो, म्हणून एक पातळ जाकीट. थालीपीठाचा वास आला की शेजारचे विचारतातच. दोन जास्तीची ठेवा. वीस-वीस वर्षं त्याच खुर्च्या राखून येणारी कुटुंबं असतात, त्यांच्याशी एकदा ओळख झाली की पुढच्या वर्षी ती तुमची वाट बघतात.

आपल्याला तिथे परकं वाटेल का, हा प्रश्न मला हळू आवाजात विचारला जातो. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. नॅसकारने जून २०२० मध्ये कॉन्फेडरेट झेंड्यावर (अमेरिकी यादवीत गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा) आपल्या सर्व कार्यक्रमांत आणि आवारांत बंदी घातली, तो निर्णय माझ्यासाठी महत्त्वाचा होता. वाहनतळावर अजून कधी नजरा वळतात, नाही असं नाही. पण स्टँडमध्ये मला वाईट अनुभव आलेला नाही. 'तुमचा ड्रायव्हर कोण?' हा तिथला पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर तयार असलं की माणूस आपला होतो. भारताचा विषय निघाला तर नारायण कार्तिकेयनचं नाव सांगा. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला हा पहिला भारतीय २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत (पिकअप ट्रकच्या रेस) मार्टिन्सव्हिलला उतरला आणि त्या वर्षी चाहत्यांच्या मतांवर त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला.

जायचं कधी, निघायचं कधी

संध्याकाळच्या रेसला दुपारी एकपर्यंत पोचा. गाडी लावली की तिथला खांब किंवा फलक फोनमध्ये टिपा. रात्री अकराला हजारो गाड्यांच्या मैदानात स्वतःची गाडी शोधणारी माणसं मला दरवर्षी भेटतात आणि 'ती पांढरी टोयोटा' एवढ्यावर मी काहीच मदत करू शकत नाही. मुलांच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा.

सुरुवातीचा सोहळा चुकवू नका. प्रार्थना, राष्ट्रगीत, डोक्यावरून जाणारी विमानं. आपण नागरिक नसलो तरी उभं राहायचं, टोपी काढायची. या रेसमध्ये गाड्यांच्या काचेवर वरच्या पट्टीत ड्रायव्हरच्या नावाऐवजी धारातीर्थी पडलेल्या एकेका सैनिकाचं नाव असतं. त्यांची घरची माणसं बऱ्याचदा तिथे हजर असतात. त्या वेळी फोन खिशात ठेवा.

रेस संपल्यावर लगेच पळू नका. बाहेर पडायला दीड-दोन तास लागू शकतात, ते बंद गाडीत घालवण्यापेक्षा खुर्चीत बसून उरलेलं कलिंगड संपवा.

बघायचं काय

एक नंबर धरा आणि त्याच्यावरच डोळे ठेवा. नंबर दारावर आणि छतावर मोठा रंगवलेला असतो. पहिला कोण हे मैदानातल्या उंच फलकावर दिसतंच. खरी गंमत बाराव्या-पंधराव्या क्रमांकावर असते, तिथे तीन-तीन गाड्या बाजूला बाजू लावून झगडत असतात.

झेंडे सोपे आहेत. हिरवा म्हणजे चालू. पिवळा म्हणजे धोका, सगळे हळू आणि पुढच्याला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे थांबा. पांढरा म्हणजे शेवटची फेरी. २०१७ पासून रेसचे टप्पे पाडलेत आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटीही गुण मिळतात. शार्लटच्या या रेसला तीनऐवजी चार टप्पे असतात. पिवळा झेंडा पडला की उठून खायला जाऊ नका, तेव्हाच पिट बघायचं असतं. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात आणि दहा सेकंदांच्या आगेमागे चार चाकं बदलून, इंधन भरून गाडी बाहेर. दोन तासांची मेहनत तिथल्या एका सेकंदाने पुढे किंवा मागे जाते.

पाऊस

या मोठ्या वर्तुळाकार ट्रॅकवर पावसात गाड्या पळवत नाहीत. टायर गुळगुळीत असतात, त्यांना पाणी बाहेर टाकणारी खाच नसते, आणि २४ अंशांच्या उतारावर घसरलेली गाडी सावरता येत नाही. पाऊस थांबल्यावर हवेचा जोरदार झोत सोडणाऱ्या यंत्रांनी ट्रॅक वाळवतात, त्यात दीड-दोन तास सहज जातात. आठ मैलांच्या आत वीज चमकली तर किमान अर्धा तास सगळं बंद आणि स्टँड रिकामा करायला सांगतात. ही सूचना गंभीरपणे घ्या, लोखंडी स्टँडवर बसून राहू नका.

ठरलेला टप्पा ओलांडला असेल तर उरलेल्या फेऱ्या रद्द करून तिथेच निकाल लावतात. २०२४ च्या कोका-कोला ६०० ला तसंच झालं. त्या दिवशी काइल लार्सन हा ड्रायव्हर इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस आटोपून विमानाने शार्लटला आला. एकाच दिवशी दोन्ही रेस करायचा त्याचा बेत होता. पण पाऊस आला आणि २४९ फेऱ्यांवर रेस थांबली ती सुरूच झाली नाही. त्याला एक फेरीही मारता आली नाही. या दोन्ही रेसचे पूर्ण ११०० मैल एका दिवसात फक्त टोनी स्टुअर्टने पुरे केलेत, २००१ साली. तेव्हा सोमवार मोकळा ठेवा, पोंचो (डोक्यावरून घालायचा रेनकोट) बॅगेत असू द्या आणि तिकिटामागच्या पावसाच्या अटी आधी वाचा.

काम करायचं असेल तर

सुरुवात व्हिसापासून. एच-वन-बी वर असाल तर ज्या कंपनीने तुमचा व्हिसा केला तिच्याखेरीज दुसरीकडे पगारी काम करता येत नाही, एका दिवसाचंही नाही. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, कामाचं परवानापत्र हाती असेल तरच. एफ-वन विद्यार्थ्यांना परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर नोकरी करता येत नाही. मी स्वतः परवानापत्र येईपर्यंत थांबले. 'फुकट केलं तर चालतं ना?' असं विचारतात. जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते विनामोबदला करणंही अडचणीत आणू शकतं आणि मोफत तिकीट, जेवण हाही मोबदला धरला जाऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

कागद ठीक असतील तर दोन वाटा आहेत. पहिली, ट्रॅकच्या हंगामी नोकऱ्या: गेट, स्टँडमधले मार्गदर्शक, वाहनतळ, माहिती कक्ष. मेच्या रेससाठी जाहिराती हिवाळा संपता संपता ट्रॅकच्या संकेतस्थळावर येतात. पैसे तासावर मिळतात, फार नसतात. दुसरी वाट संस्थांची. शाळेचं बँडपथक, चर्च, क्रीडा क्लब असे गट खाण्याची एखादी टपरी चालवायला घेतात आणि विक्रीतला ठरलेला वाटा संस्थेला मिळतो, माणसांना नाही. माझी सुरुवात मुलीच्या शाळेच्या बँडसाठी अशीच झाली. बिअर विकायची असेल तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. एकवीसच्या खालच्याला विकायची नाही, ओळखपत्र बघायचंच, समोरचा कितीही पांढऱ्या केसांचा असला तरी तिथला नियम सगळ्यांना असेल तर सगळ्यांना.

एक स्पष्ट सांगते. ड्युटीवर रेस दिसत नाही. तुमची पाठ ट्रॅककडे आणि तोंड माणसांकडे असतं. पहिल्या वर्षी मी शेवटची फेरी नुसती ऐकली. रेस बघायची ओढ जास्त असेल तर त्या दिवशी तिकीट काढा आणि शनिवारची ड्युटी घ्या.

दिवस असा जातो. गेट उघडायच्या दोन-तीन तास आधी हजेरी. बसने आत नेतात. मग प्रमुख सगळ्यांना गोळा करून वादळ आलं तर लोकांना कुठे न्यायचं, मूल हरवलं तर कोणाला कळवायचं, उन्हाने कोणी कोसळलं तर काय, हे सांगतो. हे वहीत लिहून घ्या, फोनची रेंज गर्दीत जाते. तुमच्या गेटपासून सर्वांत जवळचं स्वच्छतागृह, पाणी आणि प्रथमोपचार कक्ष स्वतः चालून बघा, कारण दिवसभरात दहापैकी सात प्रश्न तेच असतात. मऊ तळव्यांचे, आधीपासून वापरातले काळे बूट घाला. मी एकदा नवे बूट घालून गेले आणि दुपारी चारपर्यंत टाचा सोलून निघाल्या. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

या कामातलं मला सर्वांत आवडतं ते सकाळचं पहिलं अर्धा तास. नातवाला पहिल्यांदा घेऊन आलेले आजोबा, ऑक्सिजनची नळी लावून आलेल्या बाई, ओहायोहून रात्रभर गाडी चालवत आलेले दोघे भाऊ. त्यांची तिकिटं स्कॅन होताना मशीनचा हिरवा दिवा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला मी तास न मोजता उभी राहते.

दुसऱ्या गावच्या रेस

शार्लटहून डार्लिंग्टन आणि मार्टिन्सव्हिल दोन-अडीच तासांवर आहेत, ब्रिस्टल तीन. डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण जमीन देणाऱ्याने आपलं माशांचं तळं बुजवायला नकार दिला होता. तिथली साउदर्न ५०० लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीला जोडून येते. मार्टिन्सव्हिलला जिंकणाऱ्याला चषकाऐवजी उभं लंबकाचं घड्याळ देतात. हॉटेलं महिनोन्महिने आधी भरतात आणि भाडं तिप्पट होतं. तास-दीड तास लांबच्या गावात खोली घ्या किंवा तंबू. तंबूच्या मैदानात पहाटेपर्यंत गाणी चालतात, मुलं असतील तर कुटुंबांसाठी राखलेला शांत भाग मागून घ्या. भारतातून आईबाबा आले असतील आणि त्यांना रेसची दगदग नको असेल, तर शार्लटमधलं २०१० साली उघडलेलं हॉल ऑफ फेम, म्हणजे नॅसकारचं संग्रहालय, दाखवा, सगळं सावलीत आणि निवांत.

शेवटी एक काम राहिलं, ज्याची जाहिरात फारशी होत नाही. रेस झाल्यावर स्टँड साफ करायला गट लागतात, पुष्कळदा शाळांचे आणि क्लबांचेच. रविवार कधी चुकला तर मी आमच्या बँडच्या मुलांबरोबर तिथे जाते. उन्हं चढायच्या आत, हातमोजे घालून, रांगेमागून रांग. खुर्च्यांखाली कागदी पेले आणि रबराचा काळा चुरा असतो. वरच्या रांगेत पोचलं की मुलं थोडा वेळ टेकतात आणि खाली सगळा ट्रॅक रिकामा दिसतो.